मोडी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे मिश्र घरगुती दप्तर नोंद-ॲपमध्ये कसे लावावे?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार.

आमच्या गावाकडच्या घराचे छप्पर या वर्षी पावसाळ्यापूर्वी उतरवावे लागले, तेव्हा माळ्यावरची एक लोखंडी पेटी खाली आली. तिच्यात लाल फडक्यात बांधलेले तीन रुमाल, म्हणजे कागदांचे गठ्ठे, आणि बरेचसे सुटे कागद निघाले. मोजले तेव्हा ते चारशेच्या आसपास भरले. सर्वांत जुने कागद मोडीतले आहेत. त्यानंतर मुंबई राज्याच्या काळातले मराठी उतारे, खरेदीखते आणि शेतसाऱ्याच्या पावत्या लागतात. १९५६ नंतरच्या कागदांत कन्नड हळूहळू वाढत जाते आणि अलीकडचे सर्व उतारे पूर्ण कन्नडमध्ये आहेत. मध्येच कोर्टाचे इंग्रजी शिक्के असलेल्या नकला आणि आजोबांना आलेली पोस्टकार्डेही आहेत. पुष्कळ कागदांना कसर लागली आहे आणि आमच्याकडचा पावसाळा पाहता आणखी एखादे वर्ष थांबणे मला धोक्याचे वाटते.

आमचे चुलते आणि त्यांची मुले बेळगाव, पुणे आणि पणजी येथे विखुरलेली असल्यामुळे हे सर्व कागद प्रत्येकाला आपापल्या फोनवर पाहता यावेत, अशी घरात सर्वांची इच्छा आहे. म्हणून मी फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करून कागद एका नोंद-ॲपमध्ये टाकण्यास सुरुवात केली. साठ कागद झाले आणि मी थांबलो, कारण टाकलेला कागद पुन्हा सापडत नाही. इंग्रजी शिक्क्यातला शब्द शोधला की ती नोंद लगेच पुढे येते, परंतु आमच्या तळ्याकडच्या शेताचे नाव मराठीत शोधले तर काहीही येत नाही. शिवाय ॲपने प्रत्येक नोंदीला स्कॅन केल्याची तारीख दिल्याने पणजोबांचे खत आणि मागच्या वर्षीची वीजपावती एकाच आठवड्यातली दिसतात.

माझे प्रश्न असे आहेत. यासाठी कोणते ॲप घ्यावे? कप्पे गावाप्रमाणे करावेत की माणसांप्रमाणे? आणि मोडी कागदांचे काय करावे? आमच्या घरात मोडी वाचणारे आता कोणीही उरलेले नाही.

दप्तरदार (बेळगाव) यांचे उत्तर

नमस्कार. माझी नोकरीची सर्व वर्षे जुनी दप्तरे लावण्यात गेली, म्हणून ॲपच्या प्रश्नाआधी कागदाविषयी लिहितो.

आपला कागद सापडत नाही, कारण यंत्राला तो वाचता आलेला नाही आणि आपणही तो वाचून त्याच्यावर काही लिहिलेले नाही. जुन्या कचेरीत रुमालाच्या वर एक यादी बांधलेली असे आणि आतल्या प्रत्येक कागदाचा सारांश तिच्यात एका ओळीत असे. नोंद-ॲपमध्ये चित्राच्या वर जी मोकळी जागा असते, ती या यादीची जागा आहे. तिथे आपण स्वतः चार-पाच ओळी टंकलिखित केल्या, तर ॲप कोणतेही असो, कागद सापडेल. एका कागदाला पाच मिनिटे धरली तरी चारशे कागदांना तेहतीस-चौतीस तास लागतील. हे काम दोन महिन्यांच्या संध्याकाळी पुरे होते, आणि ते केल्याशिवाय स्कॅनचा ढीग हा माळ्यावरच्या पेटीसारखाच राहतो.

त्या ओळींत काय असावे, याविषयी आपल्या सीमाभागाची म्हणून काही पथ्ये आहेत. गावाचे आणि माणसाचे नाव कागदावर जसे आहे तसे लिहावेच, पण आजचे रूपही शेजारी द्यावे. जिल्ह्याचे नाव जुन्या कागदांत बेळगाव आहे आणि अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले आहे. कन्नड उताऱ्यात आपले आडनाव किंवा शेताचे नाव वेगळ्या वळणाने उमटलेले असते, म्हणून ते कन्नड लिपीतही एकदा टंकलिखित करून ठेवावे. पुढच्या पिढीतील जे मूल कन्नड शाळेत शिकले असेल, ते कन्नडमध्येच शोधेल. आकड्यांचीही काळजी घ्यावी. मराठी कागदातला सर्व्हे नंबर देवनागरी आकड्यांत लिहिला आणि शोधताना इंग्रजी आकडे टाकले, तर अनेक ॲपना तो एकच आकडा आहे हे कळत नाही. मी दोन्ही प्रकारे लिहितो.

आता तारखा. कागदाची खरी तारीख नोंदीच्या शीर्षकात सर्वांत आधी लिहावी, तीही वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, म्हणजे यादी आपोआप काळाप्रमाणे लागते. ज्या कागदावर तारीख फाटली आहे, त्याचा काळ मथळ्यावरून बऱ्याच अंशी ठरवता येतो. मुंबई इलाखा असे असेल तर तो कागद साधारणपणे स्वातंत्र्यापूर्वीचा असतो, मुंबई राज्य असेल तर १९५६ पर्यंतचा. म्हैसूर राज्य असेल तर तो १ नोव्हेंबर १९५६ आणि १ नोव्हेंबर १९७३ यांच्या मधला, आणि कर्नाटक असेल तर त्यानंतरचा. आपल्या चुलत्यांचे काही कागद चंदगडकडचे असले आणि त्यांच्यावर जिल्हा बेळगाव लिहिलेले दिसले तर गोंधळून जाऊ नये, कारण तो तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. त्याचप्रमाणे १८३६ पूर्वी बेळगाव हा वेगळा जिल्हाच नव्हता, तो धारवाडमध्ये मोडत असे, हेही जुने कागद लावताना लक्षात ठेवावे. पावतीवर रक्कम आण्यांत असेल तर ती बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. 'नये पैसे' हे शब्द दिसले तर १९५७ ते १९६४ हा काळ धरावा. छापील नमुने कचेऱ्यांत शिल्लक असेपर्यंत वापरले जात, त्यामुळे मथळ्यावरून ठरवलेल्या तारखेपुढे 'अंदाजे' हा शब्द अवश्य लिहावा.

कप्प्यांचे म्हणाल, तर गाव की माणूस हा वाद करू नये. मूळ कागद ज्या रुमालात, ज्या क्रमाने मिळाले, तोच क्रम कायम ठेवावा. आजोबांनी एकत्र बांधलेले कागद बहुधा एकाच व्यवहाराचे असतात आणि तो संबंध एकदा मोडला की पुन्हा जुळत नाही. प्रत्येक कागदाला रुमालाचा क्रमांक आणि आतला क्रमांक द्यावा, तो मऊ पेन्सिलीने मागच्या कोपऱ्यात हलका लिहावा आणि तोच नोंदीत घालावा. गाव, माणूस आणि विषय यांच्यासाठी ॲपमधल्या खुणचिठ्ठ्या, म्हणजे टॅग, पुरेशा आहेत. एका नोंदीला पाच टॅग लागू शकतात. कागद मात्र एकाच रुमालात राहतो.

स्टुडिओवाले (निपाणी) यांचे उत्तर

दप्तरदारांनी सांगितलेले सर्व पटले. मी प्रत्यक्ष स्कॅनविषयी थोडे लिहितो, कारण जुन्या कागदांचे फोटो काढण्याचे काम माझ्याकडे वारंवार येते.

फोनमधील स्कॅन करणारे ॲप कागदाच्या कडा ओळखते, तिरपेपणा काढते आणि नंतर स्वतःहून पार्श्वभूमी पांढरी शुभ्र करते. बिलासाठी हे उत्तम आहे, जुन्या खतासाठी घातक आहे. एका कुटुंबाने दोनशे कागद असे काळे-पांढरे करून माझ्याकडे छापायला आणले होते आणि त्यांत पेन्सिलीच्या बारीक खुणा, जांभळे शिक्के आणि पिवळ्या कागदावरची फिकट तपकिरी शाई पूर्णपणे पुसली गेली होती. सर्व काम पुन्हा करावे लागले. म्हणून स्कॅन नेहमी रंगीत करावा आणि फिल्टर बंद ठेवावा. मागची बाजू कोरी वाटली तरी तिचाही स्कॅन घ्यावा, कारण मुद्रांक विक्रेत्याची नोंद पुष्कळदा मागेच असते.

सपाट काचेचा स्कॅनर मिळाला तर सुट्या कागदांसाठी तोच वापरावा आणि रिझोल्यूशन ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० बिंदू, ठेवावे. अक्षर बारीक किंवा फिकट असेल तर ४०० ते ६०० करावे. ३०० डीपीआयवर ए-फोर कागदाचे चित्र २४८० बाय ३५०८ बिंदूंचे होते. रंगीत आणि न दाबलेले असे ठेवले तर ते सुमारे २६ एमबी जागा घेते, म्हणून मूळ चित्रे संगणकावर ठेवावीत आणि नोंद-ॲपमध्ये हलकी जेपीजी किंवा पीडीएफ प्रत चढवावी. कागद आपोआप ओढून घेणाऱ्या यंत्रात मात्र जुना कागद कधीही घालू नये, तो घडीवर फाटतो.

फोननेच करायचे असेल तर पडवीत, ऊन थेट न येणाऱ्या जागी, सकाळच्या उजेडात करावे आणि फ्लॅश वापरू नये. बांधीव चोपडी पूर्ण उलगडून दाबू नये. दोन्ही बाजूंना उशा देऊन ती अर्धवट उघडी धरावी आणि एका वेळी एकच पान घ्यावे. टाचण्या गंजल्या असतील तर त्या ओढू नयेत, टोक सैल करून सावकाश सोडवाव्यात. मोडीतले जुने कागद बहुधा काजळीच्या शाईचे असतात. ती उन्हाने उडत नाही, पण ओल्या बोटाने फरपटते, त्यामुळे हात कोरडे असावेत. चिकटपट्टी लावणे आणि लॅमिनेशन करणे हे दोन उपाय घरातील कोणी सुचवले तर त्यांना कृपया थांबवावे, कारण उष्णतेने बसवलेले ते प्लास्टिक पुन्हा सुखरूप निघत नाही.

मलप्रभाकाठ यांचा पुढील प्रश्न

दोघांचाही मी मनापासून आभारी आहे. माझे साठही स्कॅन काळे-पांढरे झाले आहेत, हे वाचल्यावर लक्षात आले. ते पुन्हा करीन. मोडीचा प्रश्न शिल्लक आहेच, आणि घरातून एक नवा मुद्दा आला आहे. सर्व काही स्कॅन झाल्यावर कसर लागलेले मूळ कागद जाळून टाकावेत, असे माझ्या एका चुलतभावाचे म्हणणे आहे. तसे करणे योग्य होईल का?

न्यायालयीन कामाचा अनुभव (चिकोडी) यांचे उत्तर

कृपया एकही मूळ कागद नष्ट करू नका.

आपण फोनवर घेतलेला स्कॅन हा कायद्याच्या दृष्टीने मूळ दस्त नव्हे. १ जुलै २०२४ पासून पुराव्याच्या जुन्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली आहे आणि मूळ दस्तानेच आशय सिद्ध करावा, हे सर्वसाधारण तत्त्व त्यातही आहे. मूळ कागद हरवला किंवा नष्ट झाला तर त्याच्या प्रतीचा दुय्यम पुरावा देता येतो, पण तो दस्त आपणच मुद्दाम जाळला असेल तर ती वाट बिकट होते. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य व्यक्तीच्या ताब्यातून न्यायालयापुढे आला, तर त्यावरील सही आणि हस्ताक्षर खरे मानण्याची तरतूद कायद्यात आहे. आपल्या पेटीतले बहुतेक कागद या वयाचे आहेत आणि ते पिढ्यान्‌पिढ्या घरच्या पेटीतच होते, ही वस्तुस्थिती त्यांची ताकद आहे. म्हणून पेटी कोठे, कोणाच्या ताब्यात होती, हे आजच एका नोंदीत लिहून घरातील ज्येष्ठांना वाचून दाखवावे.

डिजिलॉकर या सरकारी दस्त-ॲपविषयी अनेकांचा गैरसमज असतो. तिथे सरकारी खात्याने स्वतः दिलेले दस्त मुळाच्या बरोबरीचे मानले जातात. आपण स्कॅन करून चढवलेल्या कागदाला तो दर्जा मिळत नाही.

जमिनीच्या कागदांत एक काम अधिक करावे. कर्नाटकाच्या 'भूमी' या जमीन-नोंदींच्या संगणकीकरण योजनेपासूनचे उतारे कन्नडमध्ये आहेत आणि जुना मराठी उतारा व आजचा कन्नड उतारा यांच्यात सर्व्हे नंबराचे हिस्से बदललेले असू शकतात. दोन्हींच्या नोंदी ॲपमध्ये एकमेकींना जोडाव्यात आणि जुना हिस्सा कोणत्या फेरफाराने नव्या हिश्श्यात गेला, तो क्रमांक तिथे लिहावा. वकिलाकडे गेल्यावर सर्वांत जास्त वेळ हीच साखळी जुळवण्यात जातो.

आधार कार्डाच्या प्रती या सामाईक वहीत ठेवूच नयेत. ठेवाव्या लागल्याच, तर शेवटचे चार आकडे तेवढे दाखवणारी झाकलेली प्रत ठेवावी.

संगणक शिक्षिका (अनगोळ, बेळगाव) यांचे उत्तर

ॲप आणि यंत्रवाचन याविषयी लिहिते.

छापील मराठी आणि छापील कन्नड यंत्राला बऱ्यापैकी वाचता येते. संगणकावर गूगल ड्राइव्हमध्ये चित्र चढवून ते गूगल डॉक्सने उघडले की चित्राखाली मजकूर येतो. त्यासाठी चित्र २ एमबीपर्यंतचे आणि अक्षर किमान १० पिक्सेल (चित्रातले बिंदू) उंचीचे असावे, असे गूगलच्याच मदतपानावर सांगितले आहे. थोडी तांत्रिक सवय असेल तर टेसरॅक्ट ही मोफत प्रणाली मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही भाषा एकाच पानावर एकत्र वाचू शकते. हा मजकूर तपासून नोंदीत चिकटवावा. जोडाक्षरे आणि अनुस्वार यांत चुका राहतात, आणि सर्व्हे नंबर तर डोळ्यांनीच तपासावा. हाताने लिहिलेल्या मजकुरासाठी मात्र दप्तरदारांची पद्धतच खरी.

मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील लिप्यांच्या सामाईक अक्षरसंचात, स्थान मिळाले, त्यामुळे ती टंकलिखित करता येते. परंतु हस्तलिखित मोडीत शब्द सलग जोडून लिहिलेले असतात, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळलेला नसतो. म्हणून नेहमीचे ॲप ते वाचून देईल या भरवशावर राहू नये. मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडे मूळ कागद नेण्याऐवजी आपला रंगीत स्कॅन पाठवावा, देवनागरी लिप्यंतर घ्यावे आणि ते त्या चित्राखालीच ठेवावे. जाणकाराने कोठे शंका नोंदवली असेल तर तीही वगळू नये. मोडी कागदातली कालगणना आपल्याला चकवते, म्हणून थोडे सांगते. शक वर्षात ७८ मिळवले की इसवी सन येते, दक्षिणेतल्या फसली या महसुली सनात ५९० आणि जुन्या मराठी कागदांतल्या सुहूर सनात ५९९. वर्षाच्या उत्तरार्धात एकाने फरक पडतो. सुहूर सन अरबी शब्दांत लिहितात. 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात ११७२, आणि इसवी सन १७७१-७२. नोंदीत मूळ शब्द आणि इसवी सन दोन्ही लिहावेत.

कोणते ॲप, या प्रश्नाला माझे उत्तर असे की बाहेर पडण्याची वाट आधी पाहावी. मोफत योजनेच्या अटी बदलतात. एव्हरनोट या नोंद-ॲपची मोफत योजना २०२३ च्या अखेरीस ५० नोंदी आणि एका वहीपुरती मर्यादित झाली. आपले तर चारशे कागद आहेत. गूगलची मोफत १५ जीबी जागा ईमेल आणि फोटो यांच्यातही वाटली जाते. ऑब्सिडियन हे नोंद-ॲप आपल्या संगणकावर साध्या मजकूर-फायली ठेवते, जॉप्लिन हे दुसरे ॲप मुक्तस्रोत आहे आणि सर्व नोंदी बाहेर काढून देते. चुलत्यांना फोनवर सहज उघडता यावे हे महत्त्वाचे असेल तर एक सामाईक ड्राइव्ह फोल्डर आणि त्याच्यासोबत यादीचा एक तक्ता, एवढ्यावरही काम भागते. निवड कोणतीही करा, पण दहा कागद टाकल्यावर लगेच सर्व नोंदी बाहेर काढून पाहा. चित्र, मजकूर आणि टॅग तिन्ही सुटे मिळाले तरच पुढचे टाका.

प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी असावी. आपले चुलते पुण्यात आणि पणजीत आहेत, त्यामुळे ही सोय आपल्याकडे आधीच आहे.

मलप्रभाकाठ यांची नोंद, सात आठवड्यांनंतर

येथील सल्ल्याप्रमाणे काम सुरू आहे, म्हणून कळवतो. पहिला रुमाल पूर्ण झाला, त्यात १३२ कागद निघाले. आम्ही सामाईक फोल्डर आणि यादीचा तक्ता हीच पद्धत घेतली. माझी पुतणी कन्नड माध्यमात शिकते, ती कन्नड उतारे वाचून नावे टंकलिखित करते आणि मी मराठी कागदांच्या ओळी लिहितो. चुलतभावाला चिकोडीचे उत्तर वाचायला दिले. आता तोच पणजीहून दर रविवारी एक प्रत आपल्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतो. मूळ कागद नव्या सुती फडक्यात, वेखंडाचे तुकडे घालून, भिंतीपासून दूर ठेवले आहेत.

तळ्याकडच्या शेताचा शोधही लागला. मराठी उताऱ्यात त्याचे नाव आम्ही घरात म्हणतो तेच आहे, पण आजच्या कन्नड उताऱ्यात ते नावच नाही, फक्त सर्व्हे नंबर आणि हिस्सा आहे. दोन्ही नोंदी जोडल्या आहेत आणि मधला फेरफार क्रमांक तेवढा मिळायचा आहे. त्यासाठी तहसील कार्यालयात अर्ज दिला आहे. मोडीचे अकरा कागद एका जाणकारांना पाठवले होते, त्यांपैकी चारांचे लिप्यंतर आले आहे. त्यातल्या एका कागदात त्याच तळ्याचा बांध कोणी आणि कोणत्या बाजूने घालावा याचा करार आहे, आणि खाली आमच्या घराण्यातील ज्यांची नावे आहेत त्यांतली दोन आम्ही याआधी कधीही ऐकलेली नव्हती. ती दोन्ही नावे मराठीत आणि कन्नडमध्ये यादीत घातली आहेत.